किरायाचं घर आणि रखडलेली दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उन्हाळ्यात कूलरचा करंट आणि पावसाळ्यात गळका स्लॅब, हे दोन विषय नागपुरात किरायाने राहणाऱ्यांच्या पत्रांत कधी चुकत नाहीत. या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे. उत्तरांमध्ये 'भाडे कायदा' असं म्हटलं आहे तिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ समजावा. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याआधी आपल्याकडे १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश चालायचा आणि भाडेकरूला काढण्याआधी मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागायची. जुन्या वस्तीतले लोक अजूनही 'कंट्रोलरकडे जाऊ' म्हणतात. तो रस्ता आता बंद आहे. आज हे वाद नागपुरात लघुवाद न्यायालयापुढे चालतात.

प्रश्न : दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही १४ वर्षांपासून किरायाने आहोत. किराया ६,००० रुपये. पावती मिळते, पण करारनामा कधी झाला नाही. दोन पावसाळ्यांपासून मधल्या खोलीच्या स्लॅबला ओल होती. गेल्या महिन्यात प्लास्टरचा मोठा पोपडा पलंगावर पडला आणि आता सळया दिसतात. मालक म्हणतात, "एवढ्या किरायात एवढंच." किराया थांबवला तर चालेल का? (मानेवाडा)

किराया थांबवू नका. तुमची बाजू आज भक्कम आहे, ती एवढ्या एका गोष्टीने कमजोर होईल. भाडे कायद्याच्या कलम १५ प्रमाणे किराया देणाऱ्या आणि द्यायला तयार असणाऱ्या भाडेकरूला मालक थकबाकीच्या कारणाने काढू शकत नाही. किराया बंद केलात की मालकाच्या हाती तेच कारण येतं आणि मग कोर्टात चर्चा स्लॅबची होत नाही, थकबाकीची होते.

तुमच्यासाठी महत्त्वाचं कलम १४. उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची, असं ते सांगतं. करारनामा नाही म्हणून तुम्ही धास्तावला आहात, पण इथे ते तुमच्या बाजूने जातं : दुरुस्ती भाडेकरूने करायची, असं लिहिलेला कागदच मालकाकडे नाही. शिवाय कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं असेल तर पुरावा मालकाने द्यायचा. १४ वर्षांच्या पावत्या जपून ठेवा. किराया जुना आहे, कमी आहे, हे दुरुस्ती टाळण्याचं कारण कायद्यात कुठेच नाही.

आता क्रम. तो बदलू नका.

पहिलं काम जीव वाचवण्याचं. सळई उघडी पडली आहे याचा अर्थ पाणी तिच्यापर्यंत केव्हाच पोहोचलं आहे. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, आणि त्या दाबाने खालचं काँक्रीट सुटतं. म्हणून एक पोपडा पडला की आजूबाजूचाही सुटलेला असतो, फक्त दिसत नाही. लांब काठीने छताला हलकेच ठोकत जा. टणक आवाज आला तिथे काँक्रीट धरून आहे, बद्द आवाज आला तिथे ते सुटलं आहे. बद्द भागाला खडूने घेर मारा, तारखेसह फोटो काढा आणि त्याखालून पलंग, पाळणा, गॅसची शेगडी हलवा. स्लॅब मधोमध वाकलेला दिसत असेल किंवा खालून आरपार भेग असेल तर ती खोली बंदच करा. सेंट्रिंगवाल्याकडून टेकू लावून घेताना एक गोष्ट हमखास चुकते. वरच्या मजल्यावर लावलेला टेकू आपला भार खालच्या मजल्याच्या स्लॅबवर टाकतो. म्हणून बरोबर त्याच्याच खाली तळमजल्यावर दुसरा टेकू हवा आणि दोन्हींच्या बुडाशी जाड फळी हवी. नाहीतर एक स्लॅब सावरताना दुसरा दुखावतो.

दुसरं काम नोटिशीचं. वकील असलाच पाहिजे असं नाही. साध्या कागदावर असं लिहा : "मी आपल्या अमुक पत्त्यावरील घराच्या वरच्या मजल्यावर दरमहा ६,००० रुपये किरायाने राहतो. किराया अमुक महिन्यापर्यंत दिलेला आहे. मधल्या खोलीच्या स्लॅबचं सुमारे इतकं फूट गुणिले इतकं फूट प्लास्टर अमुक तारखेला पडलं असून सळया उघड्या आहेत. कारण गच्चीवरील गळती. यामुळे राहणाऱ्यांच्या जिवाला धोका आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत गच्चीची गळती व स्लॅब यांची दुरुस्ती करावी. न केल्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४(२) प्रमाणे मी ती करून घेईन आणि खर्च किरायातून वळता करीन." खाली सही, तारीख, सोबत फोटो. पोहोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा, तीच प्रत मालकाच्या व्हॉट्सअॅपवरही टाका आणि पोस्टाची पावती, पोहोच, लिफाफ्याचा फोटो एकत्र ठेवा. मालकाने लिफाफा घेतला नाही तर परत आलेला लिफाफा न फोडता तसाच ठेवा.

मुदत किमान १५ दिवसांची असलीच पाहिजे, आणि त्यानंतरही कायदा 'वाजवी वेळ' देतो. मालकाने गवंडी ठरवला असेल, येतो म्हणून तारीख सांगितली असेल, तर चार-आठ दिवस थांबणं तुमच्याच हिताचं. त्याला पाहणीसाठी घरात येऊ द्या. पूर्वसूचना देऊन रास्त वेळी पाहणी करायचा हक्क त्याला आहे, आणि भाडेकरूने दार अडवलं असं चित्र कोर्टापुढे जायला नको.

तिसरं काम दुरुस्तीचं. इथे पैसा सर्वात जास्त वाया जातो, कारण सुरुवात उलट्या टोकाकडून होते. खालून पुट्टी किंवा पीओपी मारून रंग दिला की दोन महिने छान दिसतं. आत सळई गंजतच राहते आणि पुढच्या पावसाळ्यात जास्त मोठा तुकडा पडतो. आधी गच्चीची गळती थांबवायची, मग स्लॅब. स्लॅबचं काम असं व्हायला हवं : टेकू लावणे, सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत छिनून काढणे, तारेच्या ब्रशने गंज उतरवणे, सळईला गंजरोधक लेप, जुन्या काँक्रीटला जोडणारा लेप आणि तो ओला असतानाच पॉलिमर मिसळलेला मसाला. मसाला एका वेळी साधारण बोटभर जाडीचाच. एकदम जाड थर दिला तर स्वतःच्या वजनाने सुटतो. मग पाणी मारणं, आणि नागपूरच्या उन्हात त्यात कुचराई चालत नाही. सळई झिजून बारीक झाली असेल तर नवी सळई जोडायची की नाही हे गवंड्याने ठरवायचं काम नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा बोलवा आणि त्याचं लेखी मत घ्या.

गच्चीवर कोबा घालायचा सल्ला सहज दिला जातो. चार इंची विटांच्या कोब्याचं वजन दर चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो होतं. आधीच कमजोर झालेल्या स्लॅबवर जुना कोबा न काढता दुसरा चढवणं धोक्याचं आहे.

आणि हिशेब. एका वर्षात किरायातून वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या किरायाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त असू शकत नाही. तुमचा वर्षाचा किराया ७२,००० रुपये, म्हणजे मर्यादा १८,०००. दुरुस्तीला ३०,००० लागले तर या वर्षी १८,००० आणि उरलेले १२,००० पुढच्या वर्षी. एकदम तीन महिने किराया न देण्यापेक्षा दरमहा १,५०० कापून ४,५०० बँकेतून पाठवा आणि प्रत्येक वेळी शेऱ्यात 'दुरुस्ती कपात १,५००' लिहा. भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जाईल, असं कलम १४ मध्येच आहे. म्हणून सिमेंट-केमिकलची बिलं नावानिशी घ्या, मजुरी बँकेतून द्या आणि गवंड्याची सही, तारीख, कामाचं वर्णन असलेला कागद ठेवा. बिल नसलेला खर्च कापू नका, मग तो कितीही खरा असो.

दुरुस्तीच्या नावाखाली नवी भिंत, नवं बाथरूम, वाढीव शेड यांतलं काही करू नका. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं हे घर खाली करायला लावण्याचं कारण आहे. मालकाची थकबाकीची नोटीस आलीच, तर घाबरू नका पण गप्पही बसू नका. नोटिशीनंतर ९० दिवस होईपर्यंत त्याला दावा लावता येत नाही. त्या मुदतीत पूर्ण हिशेब लेखी पाठवा. एखाद्या रकमेबद्दल तुम्हालाच खात्री नसेल तर 'हक्क राखून' असं लिहून ती भरून टाका, वाद नंतर घाला.

प्रश्न : आमच्या वाड्याचा लाकडी जिना कुजला होता. मालकाला नोटीस देऊन तीन बिऱ्हाडांनी मिळून ४०,००० रुपयांत तो दुरुस्त केला. किराया अनुक्रमे ३,०००, ४,००० आणि ५,००० आहे. प्रत्येकाने किती कापायचे? (इतवारी)

समान वाटे नाहीत, किरायाच्या प्रमाणात वाटे. एकूण किराया १२,०००, म्हणून ३,००० वाल्याचा वाटा १०,०००, ४,००० वाल्याचा १३,३३३ आणि ५,००० वाल्याचा १६,६६७. पण वर्षाची मर्यादा प्रत्येकाला वेगळी : ९,०००, १२,००० आणि १५,०००. वरचे १,०००, १,३३३ आणि १,६६७ पुढच्या वर्षात जातील. तिघांनी मिळून नोटीस दिली आहे, ते योग्य झालं. बिलं मात्र एकाच्याच नावावर असतील तर तिघांच्या सहीचा एक कागद आत्ताच करा आणि कोणी किती पैसे दिले ते त्यात लिहा. उद्या एखादं बिऱ्हाड उठून गेलं तर हाच कागद उपयोगी पडेल.

प्रश्न : ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट घेतला आहे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून गळून आमच्या बेडरूमची भिंत काळी पडली आहे. मुलाला दमा आहे. मालक पुण्यात असतात, फोन उचलत नाहीत. कलम १४ प्रमाणे खर्च कापू का? (बेसा)

नाही. कलम १४ भाडेकरूसाठी आहे आणि लीव्ह अँड लायसन्सवाला कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, लायसेन्सी असतो. नागपुरात आज बहुतेक नवे करार याच प्रकारचे आहेत आणि त्यावर राहणारे स्वतःला भाडेकरू समजतात, त्यातून बरेच घोटाळे होतात. करारात कपातीची मुभा लिहिलेली नसेल तर कापलेली रक्कम थकबाकीच धरली जाईल.

तुमची ताकद करारात आणि १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात आहे. त्याच्या कलम ५७ प्रमाणे, जागेतल्या ज्या दोषामुळे राहणाऱ्याला किंवा त्याच्या सामानाला धोका आहे तो दोष मालकाला माहीत असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. रंगाखाली जुने डाग असतील, वरच्या शेजाऱ्यांनी 'हे गेल्या वर्षीपासून आहे' असं लिहून दिलं, तर मालकाने ते लपवलं हे दाखवता येतं. मग मुदतीआधी घर सोडून पूर्ण डिपॉझिट मागण्याची बाजू पक्की होते, लॉक-इनची, म्हणजे ठरावीक मुदतीआधी घर न सोडण्याची, अट असली तरी.

तोवर गळतीचं मूळ शोधा, कारण मालक आणि वरचा फ्लॅटधारक हे एकमेकांकडे बोट दाखवणार. दिवसरात्र सारख्या वेगाने ठिबकत असेल तर बहुधा दाबाखालची पाण्याची लाइन फुटली आहे. वरच्यांची आंघोळ झाल्यावर तासा-दोन तासांत वाढत असेल तर नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा सांडपाण्याचा पाइप. खात्रीसाठी वरच्या बाथरूमचा ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी २४ तास साठवायचं, त्यात थोडा रंग टाकायचा, आणि तो रंग खाली उतरतो का ते पाहायचं. हे त्यांच्या संमतीने आणि अपार्टमेंटच्या सचिवासमोर करा, निकाल दोन ओळींत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. हा कागद मालकाला नोटिशीसोबत पाठवा आणि वरच्या फ्लॅटच्या मालकालाही. काळ्या भिंतीवर नुसता रंग मारून घेऊ नका. ओल सुकल्याशिवाय बुरशी परत येते. मुलाचा पलंग त्या भिंतीपासून हलवा, शक्य असेल तर खोलीतूनच.

एक सावधगिरी. कराराची मुदत संपल्यावर 'डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडत नाही' असं म्हणू नका. मुदतीनंतर राहिल्यास भाडे कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. पुढच्या वेळी करारात दोन वाक्यं घालून घ्या : गळती, वायरिंग, नळ आणि स्लॅबची दुरुस्ती मालक कळवल्यापासून सात दिवसांत करील, न केल्यास लायसेन्सी ती करून बिलासह रक्कम पुढच्या महिन्याच्या फीमधून कापील.

प्रश्न : कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो, घराला अर्थिंगच नाही. मालक म्हणतात, "तुमचा कूलर खराब आहे." मुलं लहान आहेत. (नंदनवन)

आजच कूलरचा प्लग काढून ठेवा. झिणझिण्या म्हणजे इशारा आहे. कोरड्या पायाने आज झिणझिण्या येतात, ओल्या फरशीवर उद्या तोच करंट जीव घेऊ शकतो. पाणी भरण्याआधी फक्त बटण बंद करणं पुरेसं नाही. वायरिंग उलटी असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि पत्र्यात, पंपात फेज तशीच राहते. दरवेळी प्लग बाहेर.

दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. पंपाची वायर पाण्यात सोललेली असेल तर तो दोष तुमचा, कूलर तुमचा असेल तर. पण अर्थिंग असतं तर तो करंट जमिनीत गेला असता, पत्र्यावर राहिला नसता. अर्थिंग हा घराचा भाग आहे, म्हणून ती जबाबदारी मालकाची. मीटरपर्यंतची लाइन महावितरणची, मीटरनंतरची घराची. महावितरणकडे तक्रार करून घरातल्या अर्थिंगचा प्रश्न सुटणार नाही.

नागपूरला एक खास अडचण आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून आकसते आणि अर्थिंगच्या पाइपपासून सुटते. म्हणजे कूलर लागतात त्याच दिवसांत अर्थिंग सर्वात कमजोर असतं. असलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यातही मार्चपासून अधूनमधून पाणी सोडायला हवं.

परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून दोन मोजमापं कागदावर घ्या : फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. अर्थिंग ठीक असेल तर पहिला आकडा २३० व्होल्टच्या आसपास येतो आणि दुसरा अगदी थोडा. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. मेन स्विचजवळ ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. घरात एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहणारे खूप आहेत, पण एमसीबी जास्त लोडला आणि शॉर्टला तुटतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या दृष्टीने क्षुल्लक असतो, तो पडतच नाही. आरसीसीबी नेमका तोच गळणारा करंट ओळखतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. पडला नाही तर तो बदलायचा.

तुम्ही भाडेकरू असाल तर अर्थिंगसाठी वर सांगितलेली नोटीस द्या, पण आरसीसीबीसाठी १५ दिवस थांबू नका. खर्च वळता झाला नाही तरी चालेल. तो आधी बसवा.

प्रश्न : वाडा शंभर वर्षांचा, माती-चुन्याचा, वर कवेलू. मालकाने महापालिकेची नोटीस दाखवली : इमारत धोकादायक, आठ दिवसांत खाली करा. तो म्हणतो, एकदा निघालात की हक्क संपला. आम्ही तीन पिढ्यांचे भाडेकरू. निघू की नको? (महाल)

दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगळे ठेवा. इमारत खरंच पडण्याजोगी असेल तर राहू नका. आणि हक्क? तो इमारत पाडल्याने संपत नाही. सांगलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूपण नष्ट होत नाही.

नोटिशीची प्रत हातात घ्या, मोबाइलवरच्या फोटोवर भागवू नका. महापालिकेच्या झोन कार्यालयात, म्हणजे तुमच्यासाठी गांधीबाग झोनमध्ये चौकशी करून ती खरी आहे का, कोणत्या कलमाखाली आहे आणि कोणत्या पाहणीवरून दिली ते विचारा. महापालिका अधिनियमाचं कलम २६४ पडण्याजोग्या बांधकामांसाठी आहे आणि २६५-अ प्रमाणे ३० वर्षांवरील इमारतींची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं बंधनकारक आहे. अहवालात वर्ग कोणता, ते बघा. सी-१ म्हणजे तात्काळ खाली करून पाडायची. सी-२अ म्हणजे खाली करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे खाली न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मालकाने 'धोकादायक' म्हणून दाखवलेला कागद प्रत्यक्षात सी-२ब चा असू शकतो. शंका असेल तर भाडेकरूंनी वर्गणी काढून दुसऱ्या नोंदणीकृत इंजिनिअरकडून तपासणी करावी आणि तो अहवाल झोनला देऊन फेरपाहणी मागावी.

निघावंच लागलं तर निघण्याआधी : प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी मोजून नकाशा काढा, मोजमाप महापालिकेच्या अभियंत्यासमोर व्हावं आणि भाडेकरूनिहाय क्षेत्रफळाची नोंद नोटिशीच्या फाइलमध्ये जावी असा अर्ज द्या, आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत ठेवा. खोल्यांचे, दरवाजाचे, मीटरच्या पाटीचे फोटो. किरायाच्या पावत्या, वीजबिलं, मतदार ओळखपत्र. मग मालकाला पत्र : 'महापालिकेच्या नोटिशीमुळे सुरक्षिततेसाठी तात्पुरता बाहेर जात आहे, भाडेकरूपणाचा हक्क सोडत नाही.' मालकाने पुढे केलेल्या 'ताबा सोडल्याच्या' कागदावर सही करू नका, मग तो सोबत कितीही पैसे देवो, वकिलाला दाखवल्याशिवाय तर नाहीच.

खाली न करता दुरुस्ती शक्य नाही म्हणून मालक स्वतः कोर्टात गेला, तर भाडे कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोर्ट तुम्हाला विचारतं, परत यायचं आहे का. 'हो' असं नोंदवा. दुरुस्तीनंतर मूळ अटींवर ताबा द्यावा लागतो.

प्रश्न : गळतीची तक्रार केल्यापासून मालकाने पाण्याची मोटर आमच्या वेळेला बंद ठेवायला सुरुवात केली आहे. जिन्यातला दिवाही काढला. (जरीपटका)

भाडे कायद्याचं कलम २९. पाणी, वीज, जिन्यातला आणि बोळातला दिवा, लिफ्ट, सफाई या अत्यावश्यक सोयी पुरेशा कारणाशिवाय मालकाला तोडता किंवा अडवता येत नाहीत. मालकाने बिल थकवल्याने पुरवठा बंद झाला, तरी तो मालकानेच अडवला असं धरलं जातं. लघुवाद न्यायालयात अर्ज करा, सोय पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश मागा. आदेश न पाळल्यास दर दिवसाचा दंड होतो आणि हा गुन्हाही आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुराव्यासाठी आठवडाभर मोटरच्या वेळा लिहून ठेवा, कोरड्या नळाचा आणि काढलेल्या होल्डरचा तारखेसह व्हिडिओ घ्या, शेजारच्या बिऱ्हाडाची सही घ्या.

वीजच तोडली असेल तर महावितरणकडे स्वतःच्या नावाने मीटरचा अर्ज करता येतो. विद्युत कायदा, २००३ चं कलम ४३ मालकाइतकंच तिथे राहणाऱ्यालाही वीज मागण्याचा हक्क देतं. मालकाचं ना-हरकत पत्र नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. अर्जासोबत ताब्याचा पुरावा जोडा.

प्रश्न : मुलींच्या खासगी होस्टेलवर रात्री दहानंतर एकुलत्या जिन्याला बाहेरून कुलूप लावतात. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. बोललं की 'खोली सोडा' म्हणतात. (धरमपेठ)

बाहेरचं कुलूप ही आगीच्या वेळची सर्वात वाईट गोष्ट. महापालिकेच्या अग्निशमन विभागाला लेखी तक्रार करा, हवं तर पालकाच्या नावाने. अग्निप्रतिबंधक उपाययोजना ज्या इमारतींना लागू आहेत त्यांना दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, द्यावं लागतं. ते दिलं आहे का, अशी विचारणा त्याच अर्जात करा. सुरक्षेसाठी कुलूप हवंच असेल तर ते आतून, आणि किल्ली काचेच्या पेटीत जिन्याजवळ.

गिझरचं आजच बोला. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आधी डोकं जड होतं, मग पाय साथ देत नाहीत, कडीपर्यंतही पोहोचता येत नाही. गिझर आणि सिलिंडर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवेत. आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. तोवर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार पाच मिनिटं उघडं ठेवा, मग आंघोळ.

प्रश्न : सीताबर्डीतला आमचा गाळा महापालिकेचा आहे. छत गळतं. कलम १४ लागू होईल का?

नाही. शासनाच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना भाडे कायदा लागू नाही. मालमत्ता विभागाला लेखी अर्ज, करारातली दुरुस्तीची अट आणि फोटो, हाच मार्ग. गाळेधारकांनी एकत्र अर्ज दिला तर पाहणी लवकर होते.

प्रश्न : वकिलाचा खर्च झेपणार नाही. कुठे जायचं? (हुडकेश्वर)

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, जिल्हा न्यायालयाच्या आवारात. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. घरचा करार किंवा पावत्या तुमच्या पतीच्या नावावर असल्या तर अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते तिथेच विचारून घ्या. १५१०० या क्रमांकावर फोनवरही प्राथमिक सल्ला मिळतो. जाताना नोटिशीची प्रत, पोस्टाची पोहोच, शेवटच्या बारा महिन्यांच्या किरायाचा पुरावा आणि फोटोंची छापील प्रत न्या.